आठ रेघा, अठ्ठेचाळीस एकर

पोस्टाची गाडी थेट घरापर्यंत चढून आली तेव्हाच नीला वझलवारांना ते खटकलं. त्यांची टपालपेटी खाली डांबरी रस्त्यावर होती, घरापासून चांगली पाव मैल लांब. पोस्टाची बाई रोज तिथंच टपाल टाकून निघून जायची. आज मात्र ती दारात उभी राहून पोचपावतीच्या हिरव्या कार्डावर सही मागत होती.

पाकिटात एक पत्र होतं आणि एक नकाशा.

नीलाताईंनी पत्र बाजूला ठेवून आधी नकाशा उलगडला. सव्वीस वर्षं त्यांनी स्टेट कॉलेज नावाच्या गावात, तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, नकाशांच्या विभागात काम केलं होतं. नकाशा हातात आला की पहिल्यांदा खालचा कोपरा बघायचा, ही तिथली सवय. कुणी काढला, कधी काढला, कुणासाठी काढला. हा नकाशा जानेवारीत काढलेला होता, एका गॅस कंपनीसाठी. दक्षिणेला त्यांचा शेजारी डेल होस्टेटर याच्या शेतावर एक ठिपका होता. त्या ठिपक्यातून उत्तरेकडे आठ रेघा निघाल्या होत्या, खराट्याच्या काड्यांसारख्या. प्रत्येक रेघ जवळजवळ दोन मैलांची. त्यातली तिसरी, चौथी आणि पाचवी एका चौकोनाच्या खालून जात होती आणि त्या चौकोनात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'वझलवार'.

पत्रात म्हटलं होतं की कंपनीनं गॅसच्या आठ विहिरींच्या परमिटसाठी राज्याकडे अर्ज केला आहे. विहिरीच्या तोंडापासून तीन हजार फुटांच्या आत ज्यांची जमीन आहे त्यांना कळवणं कायद्यानं भाग आहे, म्हणून हे पत्र. आठही विहिरी एकाच जागेवरून खणायच्या होत्या. आधी मैलभर सरळ खाली, मग वळून आडव्या, लोकांच्या जमिनींच्या पोटातून.

"मला कुणी विचारलं?" रिकाम्या घरात नीलाताई मोठ्यानं म्हणाल्या.

ही बावन्न एकरांची डोंगरकड त्यांनी आणि पुरुषोत्तमरावांनी १९९६ साली घेतली होती, स्टेट कॉलेजपासून दीड तास उत्तरेला. मेपलची झाडं, एक जिवंत झरा आणि बाकी दगड. पुरुषोत्तमराव राज्याच्या रस्ते खात्यात इंजिनियर होते. निवृत्तीनंतर इथंच छोटं घर बांधायचं, हे त्यांचं वेड. २००८ साली गॅसवाले खेडोपाडी फिरायला लागले, तेव्हा आसपासच्या साठ-सत्तर कुटुंबांनी एकत्र येऊन एकाच कंपनीशी लीज केलं. वझलवारही त्यात होते. २०१२ मध्ये कंपनीनं सहाशे चाळीस एकरांचं एक युनिट बांधलं, म्हणजे अनेकांच्या जमिनी एका गठ्ठ्यात घेऊन त्याखालून विहिरी काढल्या. वझलवारांच्या बावन्नपैकी दक्षिणेचे चारच एकर त्यात गेले. त्या चार एकरांच्या हिश्शाचा किरकोळ चेक अधूनमधून यायचा. पुरुषोत्तमरावांना जाऊन आता चार वर्षं झाली होती आणि तो चेक आला की नीलाताई तो न बघता बँकेत टाकायच्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राज्याच्या परमिट ऑफिसला फोन लावला.

फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, आम्ही ओढे, पिण्याच्या विहिरींचं अंतर, पाइप आणि सिमेंट बघतो. खाली गॅसचा हक्क कुणाचा आहे ते आमच्याकडे येत नाही. ते तुमच्यात आणि कंपनीत."

"म्हणजे माझ्या जमिनीखालून जायचं परमिट मला न विचारता मिळू शकतं?"

"परमिट मिळू शकतं. म्हणजे त्यांना हक्क आहे असं नाही."

नीलाताईंनी हे वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं, तारीख आणि वेळेसकट.

आठवड्यानं एक पांढरी पिकअप चढून आली. पस्तिशीचा एक मुलगा उतरला. नीट कातरलेली दाढी, बुटांना चिखल. दार उघडताच त्यानं हात जोडले.

"नमस्कार काकू. मी शिव देशकर."

या कौंटीत बारा वर्षांत त्यांच्या दारात कुणी मराठी बोललेलं नव्हतं.

शिव लँडमन होता. कंपनीच्या वतीनं जमीनमालकांच्या घरी जाऊन सह्या घेणं हे त्याचं काम. तो जन्मला, वाढला एडिसनला, आईवडील नागपूरचे. येताना त्यानं तिथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून बाकरवडीचं पाकीट आणलं होतं.

"तुम्ही पण विदर्भातल्याच ना काकू? सरनेमवरून मला वाटलं."

"अमरावतीची. तुम्हाला इकडे कुणी पाठवलं?"

"मीच मागून घेतलं. लिस्टवर वझलवार बघितलं अँड आय वॉज लाइक, हे माझं घर आहे, मी जाणार."

त्याला वाटलं असेल की हे ऐकून काकूंना बरं वाटेल. नीलाताईंच्या मनात मात्र उलटंच आलं. सत्तर घरांच्या यादीत एकच मराठी नाव आणि नेमका तिथं मराठी मुलगा, हात जोडून, फराळ घेऊन! हा योगायोग कुणीतरी ऑफिसात बसून जुळवला असणार.

त्यांनी त्याला चहा दिला. बाकरवडी फोडली नाही.

शिवनं दीड पानाचा एक कागद पुढे केला. "हे फक्त अमेंडमेंट आहे काकू. जुन्या लीजमध्ये युनिट सहाशे चाळीस एकरांपेक्षा मोठं करता येत नाही. तेव्हा विहिरी शॉर्ट असायच्या. आता दोन मैल जातात, आठ एकत्र ड्रिल करतात, सो युनिट बाराशे एकरांचं लागतं. वर, सर्फेसवर, तुमच्या जमिनीला हात लागणार नाही."

"आणि मी सही नाही केली तर?"

"मग कंपनीला रिड्रॉ करावं लागेल. तीन विहिरी तुमच्या बाउंडरीपाशी थांबतील. तुमच्या पलीकडे नॉर्थला अकरा फॅमिलीज आहेत, त्यांच्यापर्यंत पोचणारच नाहीत."

"म्हणजे अकरा घरांचं पाप माझ्या डोक्यावर."

"नाही, नाही काकू, असं नाही म्हटलं मी."

"मग का सांगितलंत?"

कागद ठेवून, कार्ड ठेवून शिव गेला.

तो गेल्यावर नीलाताईंनी कागद तीनदा वाचला. पहिला परिच्छेद एकरांचा, दुसरा विहिरींचा. तिसरा परिच्छेद दोनच ओळींचा होता. त्यात म्हटलं होतं की सही करणारा मूळ लीज 'संपूर्ण जमिनीसाठी' चालू असल्याचं मान्य करतो आणि त्याला पुन्हा दुजोरा देतो. जे चालूच आहे त्याला दुजोरा कशाला लागतो? कुठंतरी पाणी मुरत होतं, पण नक्की कुठं ते दिसेना.

मूळ लीज बघायला त्या कौंटीच्या कोर्टहाऊसमध्ये गेल्या. जमिनीचे दस्त तळमजल्यावर होते. क्लार्कनं कॉम्प्युटर दाखवला आणि पूर्ण दुपार नीलाताई तिथं बसून राहिल्या. २०१२ च्या युनिटची घोषणा सापडली, सोबत नकाशा, त्यात त्यांचे चार एकर. लीज तीन वेळा एका कंपनीकडून दुसरीकडे गेल्याचे कागद सापडले. पण खुद्द लीज कुठंच नव्हतं. होता तो फक्त दोन पानांचा गोषवारा: अमुक लोकांनी अमुक तारखेला अमुक जमिनीचं लीज केलं आहे, 'जोडपत्र अ सह'.

"पूर्ण लीज?" त्यांनी विचारलं.

"कंपन्या बहुतेक एवढंच नोंदवतात," क्लार्क म्हणाला. "बाकी कागद तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे असतात."

घरी येऊन त्यांनी पुरुषोत्तमरावांची फाइल काढली. निळ्या पेनानं क्रमांक घातलेली चार पानं होती. चौथ्या पानाच्या तळाशी दोघांच्या सह्या होत्या. आणि तिथंच टाइप केलेलं होतं, 'जोडपत्र अ पाहा'. जोडपत्र फाइलमध्ये नव्हतं. कपाटात नव्हतं, तळघरातल्या खोक्यांमध्ये नव्हतं, टॅक्सच्या कागदांत नव्हतं.

त्यांनी शिवला ईमेल केला: जोडपत्र अ पाठवावे. त्याचं लगेच उत्तर आलं, "शुअर काकू, चेक करून सांगतो." त्यानंतर नऊ दिवस काहीच नाही. दोनदा फोन केला तर व्हॉइसमेल.

त्या नऊ दिवसांत नीलाताईंचा संशय घरभर फिरला. कंपनीनं पान गाळलं असेल. तीन कंपन्या बदलताना मुद्दामच हरवलं असेल. मग एका सकाळी भांडी पुसताना त्यांना वाटलं, पुरुषोत्तमनंच काढून ठेवलं असेल तर? मला न सांगता काहीतरी कबूल केलं असेल तर? सही करताना आपण ते पान वाचलं होतं का, हे त्या आठवायला लागल्या, आणि आठवलं एवढंच की पुरुषोत्तमरावांनी पेन पुढे केलं होतं, म्हणाले होते, "इथं कर," आणि आपण केली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकाशांचे कोपरे तपासले आणि स्वतःच्या जमिनीचा कागद वाचला नव्हता. मेलेल्या माणसावर चिडताही येईना.

त्यातल्याच रविवारी प्रीताचा फोन आला. त्यांची मुलगी अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये काम करायची.

"आई, यू आर बीइंग पॅरानॉइड. तो पुअर गाय बिझी असेल."

"बिझी असायला इतके दिवस लागतात का? सही हवी होती तेव्हा न बोलावता आला."

"इथली सगळी सेंटर्स गॅसवरच्या विजेवर चालतात, तुला माहितीये ना? समबडी हॅज टू ड्रिल."

"ड्रिल करू दे. मला फक्त पाचवं पान दाखवा."

"देन आस्क डेल. त्यांनी पण तेव्हाच साइन केलं होतं ना?"

डेलकडे जायचा विचार नीलाताईंनी आतापर्यंत टाळला होता. २००८ साली पुरुषोत्तमरावांना गटात ओढणारा डेलच. पहिला पॅड, म्हणजे विहिरी खणायची जागा, त्याच्या शेतावर, आताचा नवा पॅडही त्याच्याच शेतावर. गेले दोन महिने तर तो समोरून ट्रॅक्टर घेऊन गेला तरी हात करत नव्हता. कंपनीचा माणूस म्हणूनच नीलाताईंनी त्याला मनात नोंदवून ठेवलं होतं.

तरी सोमवारी त्या गेल्या. डेल गोठ्यात होता. सत्तरी उलटलेला, एका कानानं बहिरा. नीलाताईंनी काय हवं ते मोठ्यानं सांगितलं.

त्यानं हातातली बादली खाली ठेवली. "तुमच्याकडे नाही ते पान? पुरुच्या हाती पडलं नाही कधी?"

"नाही."

"फायर हॉलमध्ये सह्या झाल्या त्या रात्री झेरॉक्स मशीन अडकलं होतं," डेल म्हणाला. "सत्तर घरं, रांग दारापर्यंत. कंपनीवाला म्हणाला, जोडपत्र पोस्टानं पाठवतो. मी म्हटलं, मी थांबतो. दीड तास थांबलो. पुरु मात्र सह्या झाल्या झाल्या तुम्हाला घेऊन निघाला, तुम्हाला ताप होता म्हणून."

नीलाताईंना तो ताप आठवला.

डेलनं घरातून एक बिस्किटांचा डबा आणला. त्यात ते पान होतं, घडीवर पिवळं पडलेलं. कलम सहावं: मुदत संपल्यावर, लीजमधली जी जमीन कुठल्याही युनिटमध्ये नसेल, ती लीजमधून मोकळी होईल.

लीजची मुदत, वाढीव पाच वर्षं धरून, २०१८ मध्ये संपली होती. नीलाताईंचे चार एकर युनिटमध्ये होते. उरलेले अठ्ठेचाळीस पाच वर्षांपासून मोकळे होते आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. डेलची सगळीच जमीन युनिटमध्ये असल्यामुळे त्यालाही ते कलम पुन्हा वाचायचं कारण पडलं नव्हतं. आणि त्या दीड पानावर सही केली असती, तर 'संपूर्ण जमिनीसाठी दुजोरा' देऊन नीलाताईंनी ते अठ्ठेचाळीस एकर स्वतःच्या हातानं परत बांधून दिले असते.

"डेल, तुम्ही मला हात करणं का थांबवलंत?" निघताना त्यांनी विचारून टाकलं.

डेलनं टोपी मागे सरकवली. "मला वाटलं, तुम्ही थांबवलंत."

गावातल्या वकीलबाईंनी पान वाचलं आणि नीलाताईंचं म्हणणं बरोबर ठरवलं. त्यांनी आणखी एक सांगितलं. शेजारच्या राज्यांत ठरावीक टक्के जमीनवाले तयार झाले की उरलेल्यांना सरकारी आदेशानं युनिटमध्ये ओढता येतं. इथं, गॅसच्या या खोल थरासाठी, तसं करता येत नाही. नाही म्हटलं तर नाही. कंपनीला रेघा वळवाव्या लागतील किंवा तोडाव्या लागतील.

दोन दिवसांनी शिव आला, न कळवता. या वेळी हातात फक्त एक पाकीट होतं. व्हरांड्यातच उभं राहून त्यानं ते पुढे केलं.

"जोडपत्र आहे काकू. फाइलमध्ये होतं."

"मला मिळालं. डेलकडून."

शिवचा चेहरा उतरला की त्याला हायसं वाटलं, ते नीलाताईंना कळलं नाही.

"तू पहिल्यांदा आलास तेव्हा हे फाइलमध्ये होतं?" त्या पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करत होत्या.

"हो. बट मी वाचलं नव्हतं. आम्हाला समरी शीट देतात, त्यात लिहिलं होतं 'हेल्ड', म्हणजे सगळी जमीन अजून लीजमध्ये. तुम्ही ईमेल केल्यावर वाचलं."

"म्हणजे नऊ दिवसांपूर्वी."

"हो."

"मग नऊ दिवस काय केलंस?"

"बॉसला विचारलं. तो म्हणाला, शी हॅज हर ओन कॉपी, लेट हर फाइंड इट. मग मी... आय डोन्ट नो काकू. विचार करत होतो."

"मोठा विचार केलास."

"आईला फोन केला होता," तो म्हणाला. "ती म्हणाली, स्वतः जाऊन देऊन ये."

हे खरं असेल, किंवा डेलकडचं पान बाहेर आल्याचं कंपनीला वकीलबाईंच्या फोनवरून कळलं असेल आणि याला घाईनं पाठवलं असेल. नीलाताईंनी त्याच्या चेहऱ्याकडे खूप वेळ पाहिलं. नकाशासारखा खालचा कोपरा माणसाला नसतो. "पाणी पितोस का?" एवढंच त्यांनी विचारलं. तो पाणी पिऊन गेला.

पुढचे दोन आठवडे नीलाताई नाही म्हणायचं ठरवून बसल्या होत्या. मग उत्तरेकडच्या अकरा घरांपैकी एक बाई भेटायला आली, लॉरेन नावाची. एकटीनं शेळ्या सांभाळायची. ती काही मागायला आली नव्हती. तिच्याकडेही तेच दीड पान आलं होतं आणि त्यात काय लिहिलंय ते तिला विचारायचं होतं. नीलाताईंनी तिची पानं मोजली. चार. पाचवं नव्हतं. मग दुसरं घर, तिसरं घर. अकरांपैकी सात जणांकडे जोडपत्र नव्हतं आणि त्या सातांपैकी पाच जण सही करून मोकळे झाले होते.

तेव्हा नीलाताईंना कळलं की आपण नुसतं नाही म्हटलं तर आपण सुटू, कंपनी रेघा तोडेल, आणि या लोकांचे कागद जसे आहेत तसेच राहतील. त्यांनी वकीलबाईंना सांगितलं: मी नवीन लीज करीन, माझ्या अटींवर. माझ्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. खणण्याआधी आणि नंतर झऱ्याचं पाणी तपासायचं, प्रयोगशाळा मी निवडणार. युनिटबाहेरची जमीन मुदतीनंतर मोकळी, आणि तसं कंपनीनं स्वतःहून लिहून द्यायचं. गोषवारा नाही, लीजचं पान न् पान कोर्टहाऊसमध्ये नोंदवायचं. आणि ज्या पाच जणांनी जोडपत्र न बघता सही केली, त्यांचा दुजोऱ्याचा परिच्छेद रद्द करायचा. हे सगळं एकत्र, नाहीतर काहीच नाही.

कंपनीनं अकरा आठवडे घेतले. तीन वेळा मसुदा आला आणि तीनही वेळा कुठला तरी शब्द सरकलेला असायचा. एकदा 'प्रयोगशाळा मालकानं निवडावी' याचं 'परस्पर संमतीनं निवडावी' झालं होतं. नीलाताईंनी प्रत्येक मसुदा आधीच्या शेजारी ठेवून पट्टीखाली ओळ न् ओळ वाचला. शेवटी ऑगस्टमध्ये कंपनी कबूल झाली. तीन विहिरी तोडण्यापेक्षा ते तिला स्वस्त पडलं असणार.

सह्यांच्या दिवशी कागद घेऊन दुसराच माणूस आला.

"शिव कुठं आहे?" नीलाताईंनी विचारलं.

"तो दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे, मॅम."

"स्वतःहून गेला की पाठवला?"

"मला कल्पना नाही."

त्या संध्याकाळी नीलाताईंनी शिवच्या कार्डावरचा नंबर फिरवला. नंबर बंद होता. त्याला शिक्षा झाली, बढती मिळाली की कंटाळून त्यानंच नोकरी सोडली, त्यांना कधीच कळलं नाही. काही दिवस त्यांना वाटायचं, आपण त्याच्याशी वाईट वागलो. मग ते नऊ दिवस आठवायचे आणि वाटायचं, नाही, बरोबर वागलो.

पुढच्या वसंतात डेलच्या शेतावर विहिरी खणायचा लोखंडी बुरूज उभा राहिला. पाच महिने ट्रक चालले, रस्त्याची धूळ त्यांच्या मेपलपर्यंत यायची. मग बुरूज गेला, विहिरींच्या तोंडांवर आठ हिरवी यंत्रं ओळीनं उभी राहिली आणि पुन्हा शांत झालं. नीलाताईंच्या जमिनीवर कुणी पाऊल टाकलं नाही. झऱ्याचं पाणी आधीसारखंच निघालं, पहिल्यांदाही आणि दुसऱ्यांदाही. लीजमध्ये दोनच तपासण्या होत्या. तिसरी त्यांनी स्वतः करून घेतली, वेगळ्या प्रयोगशाळेतून, आणि बाटली पोस्टानं न पाठवता दीड तास गाडी चालवत स्वतः नेऊन दिली. डेल सोबत आला होता. वाटेत तो म्हणाला, "निकाल चांगला आला तरी तुमचा विश्वास बसणार नाही."

"या महिन्यापुरता बसेल," नीलाताई म्हणाल्या आणि त्यांनी इंडिकेटर दिला.